वेदीवरचे वस्त्र आणि सोलापूरचा माग

कॅथलिक चर्चमधील वेदीवर निदान एक पांढरे वस्त्र अंथरलेले असावे, असा नियम आहे. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामुदायिक उपासना, साजरी करणाऱ्या धर्मगुरूचा झगा उपासनेच्या काळाप्रमाणे रंग बदलतो: उपवासकाळात जांभळा, नाताळात आणि ईस्टरला पांढरा, हुतात्म्यांच्या सणाला तांबडा आणि वर्षातील बाकीचे बरेच दिवस हिरवा. हे झगे कशाचे शिवावेत याविषयीच्या नियमांत परंपरेने चालत आलेल्या कापडांबरोबर त्या त्या प्रदेशातील नैसर्गिक धाग्यांच्या कापडालाही मोकळीक दिलेली आहे. हे वाचले तेव्हा माझ्या मनात आले की ज्या उपासनेत कापडाला एवढे काम आहे, तिला सोलापुरात परके वाटण्याचे काही कारण नाही.

मी जन्माने पद्मशाली आणि व्यवसायाने नक्षीकार. आमच्या घरात तेलुगू बोलली जाते, शेजारी कानडी, पलीकडच्या पेठेत उर्दू. शाळा मराठी आणि भांडण या चारांपैकी जी जवळ असेल त्या भाषेत. १८७७ साली सुरू झालेल्या आणि पुढे ‘जुनी गिरणी’ याच नावाने ओळखल्या गेलेल्या कापड गिरणीच्या मागोमाग या गावात जे विणकर आले आणि राहिले, त्यांच्या वंशजांपैकी मी एक. आलेख कागदावर चौकोन रंगवायचे, त्यांवरून जेकार्ड या नक्षी उतरवणाऱ्या यंत्राच्या पुठ्ठ्यांना भोके पाडून घ्यायची आणि मागावर नक्षी उतरली की दोष शोधत बसायचे, यात माझे आयुष्य गेले. ख्रिस्ती कलेशी माझा संबंध येण्याचे तसे काही कारण नव्हते. तो कामानेच आला.

एका महाविद्यालयाच्या आवारातील लहानशा प्रार्थनालयाची डागडुजी चालली होती आणि वेदीच्या मागच्या भिंतीसाठी हातमागावर विणलेले मोठे चित्रवस्त्र हवे होते. सोलापुरातले विणकर भिंतीवर लावायची अशी चित्रे फार पूर्वीपासून विणत आले आहेत. देवदेवता, पुढारी, निसर्गदृश्ये, गिऱ्हाईक मागेल ते. तिथले फादर घरी आले, चहा झाला आणि ते म्हणाले, “मास्तर, चित्र ख्रिस्ती हवं आणि इथलंही हवं. मुलांना आत आल्यावर आपण परदेशात आलो असं वाटायला नको.” सोबत त्यांनी काही कल्पना लिहून आणल्या होत्या. कमळ, समई, मोर, ओंकारासारखे एखादे चिन्ह आणि मध्ये पद्मासनात बसलेला ख्रिस्त. कागद मी ठेवून घेतला. विणायला यातले काहीच अवघड नव्हते; कमळ आणि मोर तर आमच्या चादरींवर वर्षानुवर्षे बसलेले आहेत. तरीही काहीतरी खटकत होते आणि ते काय हे शोधण्यासाठी मी वाचू लागलो.

त्या कागदामागे एक मोठा इतिहास आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. चर्चने कोणतीही एकच कलाशैली स्वतःची म्हणून मानलेली नाही आणि प्रत्येक काळातील व प्रदेशातील कलेला उपासनेच्या सेवेत जागा आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याला धरून भारतातील बिशपांनी काही बदल सुचवले आणि १९६९ साली रोमने बारा गोष्टींना मान्यता दिली. पादत्राणे बाहेर काढणे, जमिनीवर बसणे, हात जोडून नमस्कार करणे, आरती ओवाळणे, मेणबत्त्यांऐवजी तेलाचे दिवे लावणे आणि झग्याऐवजी अंगावर शाल घेणे, हे त्यांपैकी काही. डी. एस. अमलोरपवदास या धर्मगुरूंनी बंगळूरला उभारलेल्या केंद्रात या विचाराला इमारतीचे रूप मिळाले आणि तिथल्या कामात ज्योती साही या चित्रकाराचा मोठा वाटा होता. साहींचा जन्म १९४४ सालचा, पुण्याचा. या पिढीने केलेल्या कामाबद्दल मला आदर वाटतो. शतकानुशतके जी प्रार्थना बूट घालून बाकांवर बसून होत होती, ती त्यांनी जमिनीवर आणली. ही साधी गोष्ट नव्हती.

पण त्यांच्यावर झालेली टीकाही मला पटली. ती टीका बाहेरच्यांनी केली तशी आतल्यांनीही केली. भारतातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग दलित आणि आदिवासी आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले गेले नाही, त्यांच्या चर्चमध्ये भारतीयपणा म्हणून संस्कृत श्लोक, पद्मासन आणि गर्भगृह आणले, तर त्यांना ते आपले का वाटावे? ज्या व्यवस्थेपासून ते निघाले तिचीच सजावट त्यांना घरी पोहोचती केल्यासारखे ते होते. फादरांच्या कागदात मला खटकले ते हेच. त्यात एक भारत होता, पण सोलापूर नव्हते. जमखंडीच्या किंवा जबलपूरच्या चॅपलमध्ये तो कागद तसाच्या तसा चालला असता.

इथे कान आणि डोळे यांच्यातला फरक नोंदवावासा वाटतो. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळींनी गाण्यात हा प्रश्न कधीच सोडवला आहे. थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूंनी ख्रिस्ताची कथा ओवीत रचली आणि ती १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापली गेली. आपल्या नगर-सोलापूर पट्ट्यात काम करणारे अमेरिकन मिशन प्रॉटेस्टंट होते, कॅथलिक नव्हे. पण नारायण वामन टिळकांनी तिथे अभंग आणि कीर्तन उपासनेत आणले, ते शंभर वर्षांहून अधिक काळ टाळ-मृदंगासह चालू आहे आणि ते कुणालाही उसने वाटत नाही. भिंतीवर मात्र त्याच घरांत निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा येशू कॅलेंडरातून पाहत असतो. अभंग म्हणणाऱ्याच्या समोर तो वर्षानुवर्षे तसाच राहिला, याचे मला आश्चर्य वाटते.

वास्तविक त्या सोनेरी येशूलाही जन्मापासूनचा हक्क नाही. रोमच्या भुयारी दफनभूमींत तिसऱ्या शतकातली जी चित्रे सापडतात, त्यांत ख्रिस्त दाढी नसलेला तरुण मेंढपाळ आहे आणि त्याच्या खांद्यावर कोकरू आहे. खांद्यावर पशू घेतलेली ही आकृती ग्रीक आणि रोमन कलेत ख्रिस्ताच्या कितीतरी आधीपासून होती. म्हणजे पहिल्या ख्रिस्ती चित्रकारांनी आपल्या गावात जे रूप रुळलेले होते तेच उचलले. त्यामुळे ‘मूळ’ ख्रिस्ती शैलीत देशी भेसळ नको, असे म्हणणाऱ्यांशी माझा वाद लवकर संपतो. कुणाचे देशी आणि ते कुणी आणले, हा वाद मात्र संपत नाही.

मेक्सिकोचे उदाहरण विणकराने तरी टाळू नये, कारण तिथली सगळ्यांत प्रसिद्ध प्रतिमा कापडावर आहे. १५३१ साली तेपेयाकच्या टेकडीवर हुआन दिएगो या स्थानिक माणसाला येशूच्या आईचे, मारियेचे, दर्शन झाले आणि त्याने पांघरलेल्या वस्त्रावर तिची प्रतिमा उमटली, अशी श्रद्धा आहे. ते वस्त्र परंपरेनुसार घायपाताच्या तंतूंचे. आपल्याकडे रेल्वेच्या कडेला जी झुडपे दिसतात त्याच कुळातले. सावळी स्त्री, ताऱ्यांची निळसर हिरवी ओढणी, मागे सूर्याचे किरण, पायाखाली चंद्रकोर. त्या टेकडीवर पूर्वी ‘आमची आई’ म्हणून एका देवीची पूजा होत असे आणि लोक अजून तिलाच भेटायला येतात की काय, अशी शंका सोळाव्या शतकातल्या मिशनऱ्यांनीच लिहून ठेवली आहे. दर्शनाची कथा १६४९ साली छापली गेली ती नाहुआत्ल भाषेत, म्हणजे हरलेल्यांच्या भाषेत. त्याच देशातल्या पिसांच्या कारागिरांनी १५३९ साली पक्ष्यांच्या रंगीत पिसांतून मिस्सेचे एक चित्र घडवले, तेही पोपसाठी. ते आज फ्रान्समधील ओश गावच्या संग्रहालयात आहे. जिंकणाऱ्याचा विषय आणि हरलेल्याचा हात. त्या चित्रात शरणागती किती आणि कारागिराचा अभिमान किती, हे मी ठरवू शकत नाही. पण पिसे बसवणाऱ्याने कामात कसूर केलेली नाही एवढे छायाचित्रातही कळते.

विद्यापीठांनी या बाबतीत काय केले, तेही पाहिले. बीजिंगच्या फू जेन या कॅथलिक विद्यापीठात १९३० च्या दशकात चिनी चित्रकार रेशमावर, चिनी शाईत, चिनी डोंगरांमध्ये ख्रिस्तजन्म रंगवत होते. चेलसो कोस्तांतिनी या पोपच्या प्रतिनिधीने त्यांना उत्तेजन दिले आणि त्यांतले प्रमुख चित्रकार चेन युआन्दू यांचा बाप्तिस्माही १९३२ मध्ये त्यांच्याच हातून झाला. पण मला सगळ्यांत जवळचे वाटले ते मनिलाजवळच्या दिलिमान येथील फिलिपीन्स विद्यापीठातले प्रार्थनालय. विद्यापीठ सरकारी, प्रार्थनालय कॅथलिक; १९५५ साली पूर्ण झालेले. वास्तुरचनाकार लेआंद्रो लोक्सिन तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. काँक्रीटचा पातळ घुमट, भोवती जवळजवळ भिंतीच नाहीत, वेदी मधोमध आणि माणसे तिच्या भोवताली. क्रूसाच्या वाटेची, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या प्रवासाची, चित्रे विसेंते मनान्साला यांची, जमिनीवर चितारलेली नदी आर्तुरो लुझ यांची, वेदीवर टांगलेला क्रूस नपोलेओन अब्वेवा यांचा. तो क्रूस दोन्ही बाजूंनी कोरलेला आहे: एका बाजूस मृत ख्रिस्त, दुसऱ्या बाजूस पुनरुत्थित. गोल रचनेत क्रूसाला पाठ असून चालत नाही, म्हणून हे. आमच्या चादरीलाही पाठ नसते. एका बाजूस जिथे तांबडे तिथे दुसऱ्या बाजूस पांढरे, आणि कुठलीही बाजू वर घ्या. अब्वेवांचे काम मला एकदम कळले ते या सवयीमुळे.

त्या प्रार्थनालयात फिलिपिनो चिन्हांची जंत्री शोधायला गेले तर फारसे हाती लागणार नाही. जे आहे ते असे की तिथली हवा आत येऊ दिली आहे, तिथल्या उष्म्याचा विचार केला आहे आणि जॉन डेलनी या जेझुइट धर्मगुरूंनी काम सोपवले ते देशातल्या तरुण कलाकारांवर. पुढे लोक्सिन, मनान्साला, अब्वेवा, लुझ या चौघांनाही राष्ट्रीय कलाकार हा त्या देशाचा सर्वोच्च मान मिळाला; काम देताना ते कुणालाच ठाऊक नव्हते.

त्याच देशात नेग्रोस बेटावर व्हिक्टोरियास येथे साखर कारखान्याच्या कामगारांसाठी बांधलेले एक चर्च आहे. आल्फोन्सो ओसोरियो यांनी १९५० साली तिथे वेदीमागे रंगवलेला ख्रिस्त उग्र आहे, रंग भडक आहेत आणि आजूबाजूचे संत स्थानिक वर्णाचे आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला साखर कारखाना म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. उसाच्या फडातून आलेल्या माणसासमोर पेस्टल रंगातला सौम्य येशू ठेवायचा नाही, हे ज्याने ठरवले त्याला आपला प्रेक्षक ठाऊक होता.

आपल्या जवळचे नाव अँजेलो दा फोन्सेका यांचे. गोव्यात १९०२ मध्ये जन्म, मुंबईतील कलाशाळा अर्धवट सोडून शांतिनिकेतन, तिथे अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांचे शिक्षण. नंतरचे बहुतेक आयुष्य पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाशी जोडलेले. त्यांची मारिया साडी नेसते, तिचा रंग गव्हाळ आहे आणि ती पोर कडेवर घेते ते आपल्याकडच्या बाया घेतात तसे. गोव्यात या चित्रांवर रोष झाला आणि त्यांना तिथे राहणे कठीण झाले. १९६७ साली ते पुण्यात वारले. आज त्यांची पुष्कळ चित्रे गोव्यातच, पर्वरीच्या संशोधन केंद्रात मानाने जपली आहेत. हयातीत हाकलायचे आणि मग काचेत ठेवायचे, ही पद्धत कुठल्याही एका धर्माची मक्तेदारी नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतील नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत लुईजी ग्रेगोरी यांनी १८८० च्या दशकात कोलंबसाच्या जीवनावरची बारा भित्तिचित्रे रंगवली. त्यांत मूळ अमेरिकन माणसे आहेत, पण ती शोभेपुरती, नाटक कोलंबसाचे. जानेवारी २०१९ मध्ये विद्यापीठाने ती विणलेल्या कापडाने झाकायचे ठरवले. कापडाला असेही काम लागते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रोममधल्या एका चर्चमध्ये ठेवलेल्या, ॲमेझॉनच्या लोकांनी आणलेल्या गर्भवती स्त्रीच्या लाकडी मूर्ती काहींनी पहाटे उचलून टायबर नदीत फेकल्या आणि पोपनी त्याबद्दल क्षमा मागितली. २०२४ च्या जूनमध्ये न्यू मेक्सिकोतील मेस्कालेरो येथल्या चर्चमधून ख्रिस्ताला अपाची रूपात दाखवणारे, रॉबर्ट लेंट्झ यांनी १९८९ साली रंगवलेले चित्र रातोरात काढून नेले गेले. ते जमातीच्या लोकांनी भांडून काही आठवड्यांत परत मिळवले. विशेष म्हणजे लेंट्झ स्वतः अपाची नव्हते. चित्र बाहेरच्याने काढलेले, पण पस्तीस वर्षे त्यासमोर लग्ने लागली, मर्तिके झाली. मग ते कुणाचे, हे जमातीने दाखवून दिले.

हे सारे वाचल्यावर मी फादरांकडे गेलो. त्यांनी दरम्यान एक नवी कल्पना काढली होती: सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याचे, म्हणजे जत्रेचे, नंदीध्वज. संक्रांतीला पांढऱ्या बाराबंदीतले भक्त जे सात उंच नंदीध्वज पेलत नेतात, त्यांहून अधिक सोलापुरी काय असणार? दिसायला ते भव्य आहे आणि क्रूसाच्या उभ्या रेषेशी सहज जुळते. मी नको म्हटले. कुंभारकन्येचा सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी विवाह झाला, त्याचा तो सोहळा आहे; प्रत्येक ध्वजाचा मान ठरलेला आहे, तो वेगवेगळ्या समाजांतल्या घराण्यांकडे आहे आणि त्या मानासाठी माणसे वर्षभर जगतात. ती त्यांची पूजा आहे. दुसऱ्याच्या रोजच्या वापरातली वस्तू मागून घ्यावी, पूजेतली मागू नये, अशी माझी मर्यादा आहे. फादरांनी वाद घातला. समई पूजेतली नाही का, आरती नाही का, असे त्यांनी विचारले. आणि त्यांचे म्हणणे अगदीच सोडून देण्यासारखे नव्हते. पण समईला एक मानकरी नाही. नंदीध्वजाला आहेत आणि ते गावातच राहतात; त्यांना न विचारता विणायचे नाही आणि विचारून त्यांना अडचणीत टाकायचे नाही.

शेवटी आम्ही मेंढपाळावर आलो. रोमच्या भुयारातला तो तरुण सोलापुरात आणायला फार खटपट करावी लागत नाही. सांगोला-मंगळवेढ्याच्या माळावर तो आजही दिसतो: मुंडासे, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. आमच्या विद्यापीठाला अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे, त्या धनगर घरातल्या. घोंगडी काळ्या लोकरीची, सनगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. तिचा काळा रंग चित्रात मुख्य धरला. भंडारा मात्र घेतला नाही, कारण तो धनगरांच्या बिरोबाचा. ओळखीच्या एका वृद्ध मेंढपाळाला आलेख दाखवला. कोकरू असे कुणी धरत नाही, चारही पाय पुढे एका मुठीत यायला पाहिजेत, असे त्यांनी सुनावले. तेवढे दुरुस्त केले.

कणसांवरून थोडी अडचण झाली. वेदीजवळ गव्हाच्या ओंब्या काढायची रीत आहे, कारण मिस्सेतली भाकर गव्हाचीच असावी लागते; चर्चच्या कायद्यात त्याला पर्याय नाही. आपला मुलूख ज्वारीचा. मालदांडीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला गव्हाची ओंबी सणासुदीची वाटते. मिस्सेचा नियम मोडायचा कुणाचा विचार नव्हता. पण चित्र म्हणजे प्रसाद नव्हे. मेंढपाळाच्या पायाशी भरलेली ज्वारीची कणसे घेतली आणि गव्हाच्या ओंब्या वेदीवरच्या पांढऱ्या वस्त्राच्या किनारीला दिल्या. ही विभागणी फादरांना सुचली, मला नव्हे.

चेहऱ्याचा प्रश्न मागाने सोडवला. आलेखावर एक चौकोन म्हणजे ताण्याबाण्याचा एक छेद, त्यामुळे कापडावर वक्ररेषा पायऱ्यापायऱ्यांनी उतरते आणि डोळ्यांसारखे बारीक काम फसते. मान खाली, नजर कोकराकडे, असे काढले की डोळे वाचतात. निळे की काळे, हा प्रश्नच उरत नाही.

एका गोष्टीवर मात्र आमचे अजून जमलेले नाही. सोलापुरी चादरीच्या कोपऱ्यात कारखान्याचे नाव विणलेले असते. विणकराचे कधीच नसते. ज्याने धोटा चालवला त्याला गिऱ्हाईक ओळखत नाही. या वस्त्राच्या कोपऱ्यात विणणाऱ्याचे नाव यावे, तेही त्याच्या घरच्या तेलुगूत, असा माझा आग्रह आहे. फादर म्हणतात, “मास्तर, पवित्र चित्रावर सही नसते. ते देवाला दिलेलं असतं.” मी त्यांना बाकांवर कोरलेली देणगीदारांची नावे दाखवली. ते हसले, पण हो म्हणाले नाहीत. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तोवर आलेख माझ्याकडे आहे आणि उजव्या कोपऱ्यातले चौकोन मी भरून टाकले आहेत.